मोहरे तिकडचे, पट सुरतेचा

बुद्धिबळाचे संच जमवणारी माणसं पटाकडे फारसं लक्ष देत नाहीत. मीही देत नव्हते. घरी कुणी आलं की आम्ही घोडा काढून दाखवतो, वजिराचा मुकुट दाखवतो, फार तर मोहरा उलटा करून बुडाला चिकटवलेली बनात दाखवतो. पट कपाटामागे उभा असतो. माझ्या घरी ही रीत मोडली ती आंदीज पर्वतातल्या लाकडामुळे आणि डोंबिवलीच्या पावसामुळे.

माझी भाची मोंतेविदेओत नोकरी करते. सुट्टी मिळाली की ती पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर असं कुठेकुठे भटकते आणि आत्याच्या वेडाची आठवण ठेवून एखादा संच घेऊन येते. त्यातला कुस्कोचा संच माझा सगळ्यात लाडका. एका बाजूला इंका, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. सीडरच्या लाकडात कोरलेले आणि वरून रंगवलेले मोहरे. इंकांच्या राजाच्या डोक्यावर सूर्याची तबकडी. स्पॅनिश बाजूचे उंट म्हणजे झगा घातलेले पाद्री, आणि इंकांकडे घोड्याच्या घरात उभा लामा, मान ताठ, कानांत लाल गोंडे. खालचा पट म्हणजे चौकोनी पेटीच होती, तिला मोहरे ठेवायला दोन खण.

कुस्को समुद्रसपाटीपासून साधारण 3400 मीटरवर आहे. तिथल्या कोरड्या हवेत सुकलेलं आणि जोडलेलं लाकूड आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात फुगलं. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, आडवं वाढतं. त्यामुळे पेटीची वरची फळी मधोमध वर आली आणि खण अडकून बसले. उन्हाळ्यात ती बसली खरी, पण दोन भेगा टाकून. प्यादी त्या उतारावरून हळूहळू स्पॅनिशांच्या मुलखात सरकायला लागली. मोहरे उत्तम आणि पट निकामी, अशी अवस्था. त्यांना नवा पट हवा होता, आणि तो कारखान्यातला छापील नको होता.

सुरतेचं नाव डोक्यात आलं ते एका लिलावाच्या कॅटलॉगमुळे. एकोणिसाव्या शतकातला एक घडीचा पट होता. बाहेरून बुद्धिबळ, उघडला की आत बॅकगॅमन, आणि चारी कडांनी चांदण्यांसारखी बारीक नक्षी. खाली लिहिलं होतं, सादेली काम, मुंबई. सादेली ही नक्षीची कला मुंबईत गेली ती सुरतेहून, आणि सुरतेत हे काम करणारी मोजकी घरं अजून आहेत. हे कळल्यावर कुस्कोचे मोहरे जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळून मी बोरिवलीला फ्लाइंग राणी पकडली.

या गाडीचे डबल-डेकर डबे 2023 साली काढले, त्याचं दुःख पालघर-डहाणूकडच्या रोजच्या प्रवाशांना अजून आहे. पण संध्याकाळची तिची लगबग आहे तशीच आहे. वापीनंतर डब्यातली मराठी पातळ होत जाते, वलसाडला गुजराती घट्ट होते, आणि सुरतेला उतरून उधन्याकडे निघालं की पुन्हा मराठी कानावर पडायला लागते, तीही खानदेशी वळणाची. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतायत. ताप्ती लाइनने भुसावळहून सुरतेला यायचं, मागात किंवा डाइंगच्या कारखान्यात लागायचं, मग भावाला बोलवून घ्यायचं, असा त्यांचा क्रम. माझा मावसभाऊ असाच आला. वहिनींनी रात्री साडेअकराला कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला आणि म्हणाल्या, "पट घ्यायला सुरतेला? अहो ताई, इथे लोक साड्या घ्यायला येतात."

सकाळी भाऊ मला चौकात सोडून कामावर गेला. तापीच्या काठावर किल्ला आहे, सोळाव्या शतकातला. महापालिकेने तो नीट करून आत संग्रहालय केलंय. मराठी माणूस या किल्ल्यासमोर उभा राहिला की त्याला 1664 चा जानेवारी आठवतोच. शिवाजी महाराज शहरात आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्याची दारं लावून आत बसला होता. 1670 मध्ये महाराज पुन्हा आले. पण शाळेत शिकलेल्या या दोन तारखांपलीकडे सुरत काय होती याचा आपण फारसा विचार करत नाही. हजला जाणारी जहाजं इथून सुटायची. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या वखारींपैकी एक इथे. डच, फ्रेंच, अर्मेनियन, सगळे इथे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत गुजरातच्या बंदरांत यायचा आणि त्यातला बराचसा लग्नाच्या चुड्यांत जायचा. उरलेल्या लहान तुकड्यांना गिऱ्हाईक होतं ते सादेलीवाल्यांचं.

मला ज्यांच्याकडे जायचं होतं ते जुन्या शहरात, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावी लागेल अशा गल्लीत राहतात. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. काकांचं वय सत्तरीपुढचं. या धंद्यात पेटीगरा हे आडनाव पिढीजात आहे, पण हे काका दुसऱ्या घरचे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक फिकट रेघ होती. मी पाहिलं तसे ते म्हणाले, "बेन, ये 2006 का पानी." त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि जवळजवळ सगळं शहर बुडालं. लाकडाचा साठा गेला, हत्यारं माळ्यावर होती म्हणून वाचली.

मग त्यांनी सादेली दाखवली. मी पुस्तकांत वाचलं होतं, फोटो पाहिले होते, तरी हातात घेतल्याशिवाय हे काम कळत नाही. दुरून नक्षी कोरून भरल्यासारखी वाटते. तसं काही नसतं. आधी वेगवेगळ्या रंगांच्या बारीक, लांब काड्या तासायच्या. काही तिकोनी, काही शंकरपाळ्याच्या आकाराच्या. त्या ठरावीक क्रमाने एकत्र जुळवून, सरस लावून, दोऱ्याने करकचून बांधायच्या आणि वाळू द्यायच्या. वाळलेली जुडी बाहेरून अगदी सामान्य दिसते, पण आडवी कापली की कापावर चांदणी उमटते. अळूवडीचा उंडा कापल्यावर आतली वळणं दिसतात, तसंच. मग बारीक करवतीने चकत्या काढत जायच्या; एका जुडीतून एकसारख्या चांदण्यांची रास. या चकत्या पेटीवर शेजारी शेजारी बसवून, चिकटवून, घासून, पॉलिश करायच्या. जुडी बांधताना एक काडी केसभर इकडेतिकडे झाली तर ती चूक प्रत्येक चकतीत येते. काकांनी एक रद्द केलेली जुडी माझ्या हातात दिली. मला चूक सापडली नाही. त्यांनी नखाने दाखवली तेव्हा दिसली, आणि मग तीच दिसत राहिली.

ही कला मूळची इराणची, शिराझची. तिथे तिला खातम म्हणतात आणि ती अजून भरभरून चालते. शिराझहून सिंध, सिंधहून गुजरात, असा तिचा प्रवास जॉर्ज बर्डवुडने 1880 च्या सुमाराला लिहून ठेवलाय. सुरतेतून ती मुंबईला गेली, त्यात पारशी कारागिरांचा मोठा वाटा. मुंबईत गोऱ्या मडमांना शिवणकामाच्या पेट्या, लिहिण्याच्या पेट्या, पत्त्यांचे डबे हवे होते. त्या इतक्या खपल्या की विलायतेत या कामाला मुंबईच्या पेट्या असंच नाव पडलं. तळाला चंदन, त्यावर पांढरा हस्तिदंत, काळा अबनूस, तांबडं पतंगाचं लाकूड, हिरवं रंगवलेलं शिंग किंवा हाड, आणि चमक हवी तिथे कथलाची तार. आता चंदन परवडत नाही. हस्तिदंताचा तर प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1986 साली बदल झाला आणि देशी हस्तिदंताचा धंदा थांबला. 1991 मध्ये आफ्रिकेतून आणलेल्या दंतालाही तेच लागू झालं. आज काका साग आणि शिसवावर काम करतात आणि पांढऱ्यासाठी अॅक्रिलिक वापरतात. सुरतेच्या सादेलीला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचं प्रमाणपत्र मला कौतुकाचं वाटलं. काकांना त्यापेक्षा कारखान्यात बसायला तयार होणारा एखादा पोरगा मिळाला तर बरं वाटेल. शहरात हिरे आहेत, कापड आहे. काड्या तासायला कोण येतो?

मी मोहरे काढून टेबलावर मांडले. काकांनी राजाकडे पाहिलंही नाही. सगळ्यात आधी त्यांनी लामा उचलला, त्याच्या बुडाचा व्यास मोजला, मग मान कुठवर पुढे येते ते मोजलं. पटाचं घर किती मोठं असावं याचं गणित राजाच्या बुडावरून करतात. बूड घराच्या साधारण तीन-चतुर्थांश असलं की डाव मोकळा दिसतो आणि बोटं शिरायला जागा राहते. स्पर्धेत घर पाच-सहा सेंटिमीटरचं आणि राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच. माझा कुस्कोचा राजा त्या मापात बसत होता. लामा मात्र शेजारच्या घरात तोंड घालत होता. "ये जानवर मर्यादा में नहीं रहता," काका म्हणाले, आणि घर पाऊण सेंटिमीटरने वाढवलं.

माझ्या डोक्यात होतं की सगळी घरं सादेलीची करावीत. काळ्या घरांत एक चांदणी, पांढऱ्यांत दुसरी. काकांनी साफ नकार दिला. नक्षीवर रंगवलेले मोहरे ठेवले तर ना नक्षी दिसेल ना मोहरा, खेळणाऱ्याचं डोकं दुखेल. घरं साधी सागाची आणि शिसवाची ठेवायची आणि सादेली फक्त भोवतीच्या काठाला. मला मनातून थोडा राग आला. सुरतेला येऊन साधी घरं? पण कॅटलॉगमधला तो जुना पट मी पुन्हा मोबाइलवर उघडून पाहिला, तर त्यातही नक्षी काठालाच होती. खेळायच्या जागेत कारागिराने हात आवरला होता.

या आवरण्यावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण माझ्या संग्रहातले बरेचसे संच ते विसरतात. कुस्कोचा संच हा मुळात गोष्टीचा संच आहे. ती गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक असते. 1532 साली काहामार्काला स्पॅनिशांनी इंका राजा अताहुआल्पाला कैद केलं. कैदेत असताना पहारेकऱ्यांचा डाव बघून बघून तो बुद्धिबळ शिकला, आणि एकदा सोतो नावाच्या सरदाराच्या कानात त्याने चाल सुचवली, की घोडा नको, हत्ती हलव. त्या चालीने रिकेल्मे नावाचा खजिनदार हरला. पुढे राजाला मारायचं की नाही यावर मतं पडली तेव्हा रिकेल्मेने मृत्यूच्या बाजूने मत दिलं. पेरूच्या रिकार्दो पाल्माने ही दंतकथा लिहून अमर केली. अताहुआल्पाला 1533 मध्ये मारलं हे खरं. चालीचं खरं-खोटं पाल्माला विचारावं. आज त्याच राजाचा मोहरा हरलेल्यांच्या वंशजांकडून कोरला जातो आणि तो विकत घेतो परदेशी पाहुणा. आपल्याकडेही हे झालंय. बंगालमध्ये मुर्शिदाबाद-बेहरामपूरच्या दंतकारागिरांनी कंपनी सरकारच्या फौजेविरुद्ध नबाबाची फौज असे हस्तिदंती संच केले, आणि ते घेतले कंपनीच्याच साहेबांनी. देखणे आहेत. पण अंबारीसकट हत्ती पटावर उभा राहिला की त्याच्यामागचं प्यादं दिसत नाही. अशा संचाने कुणी गंभीरपणे खेळलं असेल असं मला वाटत नाही.

सुरतेच्या कारागिराने साहेबालाच माल विकला, पण त्याने गोष्ट सांगायचा प्रयत्न केला नाही. त्याने भूमिती विकली.

चौकटींच्या रंगाचीही एक गंमत आहे. काळी-पांढरी घरं ही आपली पद्धत नव्हतीच. आपला जुना पट एकरंगी, नुसत्या रेघांचा. काही ठरावीक घरांत फुल्या मारलेल्या. कापडावर भरतकाम करून, फळीवर रेघा ओढून, नाहीतर देवळाच्या फरशीत कोरून तो तयार व्हायचा. आमचे आजोबा अशाच पटावर देशी नियमांनी खेळायचे. प्यादं एकेक घर चालणार, समोरच्याचा राजा एकटा उरला की बुर्जी, आणि प्याद्याने मात केली तर त्या दिवशी जेवताना त्याचीच चर्चा. त्यामुळे मुंबई-सुरतेच्या कारागिरांनी केलेले चौकड्यांचे पट हे साहेबाच्या खेळासाठीच. मुंबईतच 1814 साली त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, तेही युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं. देशी डावाची माघार तेव्हाच सुरू झाली होती.

दुपारी काकांनी पांढऱ्याचा विषय काढला. अॅक्रिलिक त्यांना आवडत नाही. ते फार पांढरं आहे आणि वयाबरोबर मुरत नाही. मी पिशवीतून दुसरी पुडी काढली. भाचीने एक्वादोरच्या ओतावालो बाजारातून एक अपुरा संच स्वस्तात आणला होता, टाग्वाचा. टाग्वा हे एका ताडवर्गीय झाडाचं बी. कोंबडीच्या अंड्याएवढं असतं, सुकलं की दगडासारखं घट्ट होतं आणि रंगाने थेट हस्तिदंत. प्लॅस्टिक येण्यापूर्वी जगभरच्या कोटांना याची बटणं लागायची. कोलंबियातल्या चिकिनकिरा गावात आणि एक्वादोरमध्ये अजून त्यात बारीक कोरीव काम होतं. मोहरे मात्र छोटे, कारण बीच छोटं आणि मधोमध पोकळ.

काकांनी टाग्वाचं एक प्यादं उजेडात धरलं, दाताला लावून पाहिलं आणि विचारलं, "कापू?" अपुरा असला तरी संच तो संच. पण सादेलीला मुळी मोठा तुकडा लागतच नाही, तिला काडी लागते. मी मान हलवली. त्यांनी प्यादं शिकंज्यात धरलं, करवत लावली. पांढरी भुकटी काळ्या बाकावर पडली. पाच-सहा मिनिटांत त्यांच्या हातात आगपेटीच्या काडीहून आखूड, तिकोनी अशी काडी होती. ती त्यांनी शिसवाच्या काडीला टेकवून पाहिली, उलटी केली, पुन्हा टेकवली. "रंग बहुत अच्छा. लंबाई नहीं." आखूड काडीची जुडी आखूड, तिच्यातून चकत्या थोड्या. काठाला पुरणार नाही. चार कोपऱ्यांतल्या चार मोठ्या चांदण्या होतील. बाकी काठ अॅक्रिलिकचा नको असेल तर उंटाच्या हाडाचा करू, ते म्हणाले. पांढऱ्याचे दोन प्रकार शेजारी शेजारी येणार, याची त्यांना काळजी होती. मला तेच हवं होतं.

किंमत सांगितली तेव्हा मी घासाघीस केली नाही. भावाने नंतर मला त्याबद्दल ऐकवलं. सुरतेत न भांडता खरेदी करणं म्हणजे दुकानदाराचा अपमान. पट उत्तरायणानंतर मिळणार होता, कारण पतंगांच्या दिवसांत कारखान्यात कुणी येत नाही, खुद्द काकाही गच्चीवर असतात. माप पक्कं व्हावं म्हणून त्यांनी प्लायवूडच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने चौसष्ट घरं आखून दिली. "घर जाके खेलो. तंग लगे तो फोन करो."

परत येताना अडाजणला पोंक खाल्ला. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे, वर शेव, लिंबू आणि साखरेचे दाणे. आपला हुरडाच, पण आपण तो शेतावर बसून खातो आणि सुरतकर त्यासाठी शहरात बाजार भरवतात. पोंकाचे वडेही बांधून घेतले. वहिनींना ते आवडले नाहीत, त्यात लसूण कमी पडला.

रात्री जेवणं झाल्यावर प्लायवूड जमिनीवर ठेवून मोहरे मांडले. समोर भावाचा धाकटा मुलगा, सातवीतला, शाळेच्या संघात खेळणारा. काळी-पांढरी घरं नसल्याने तो आधी बिचकला, मग म्हणाला चालेल. त्याने इंका घेतले. पाच-सात चाली झाल्या आणि त्याने लामा उचलून सरळ तिरका चार घरं पळवला.

"अरे, तो घोडा आहे," मी म्हटलं.

"आत्या, हा घोडा आहे? मान बघ, ओठ बघ. हा उंट आहे."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. लामा उंटाच्याच कुळातला. कुस्कोच्या कारागिराने स्पॅनिश घोड्याला उत्तर म्हणून त्याला घोड्याच्या घरात बसवलं, कारण त्याच्याकडे चार पायांचं ओझ्याचं जनावर तेच होतं. पण ज्याच्या पटावर उंट असतो त्या पोराला हे कसं पटावं? भाऊ मध्ये पडला, वहिनींनी मोबाइलवर उंट आणि लामाचे फोटो शेजारी शेजारी काढले, आणि निकाल पोराच्या बाजूने लागला. इंकांकडे उंटाच्या घरात उभे असलेले सूर्यपुजारी घोडे झाले, लामा उंट झाले, स्पॅनिश बाजू जशीच्या तशी. चाल मागे घ्यायला तो तयार नव्हता. पेन्सिलीच्या रेघांवरून तिरका आलेला लामा माझ्या हत्तीसमोर उभा होता, आणि हत्तीला जोर नव्हता.